हिराबाई बडोदेकर : रंगभूमीला लाभलेला स्त्रीचा आवाज



गिरगावात, चर्नी रोड स्थानकापासून थोड्याच अंतरावर, रॉयल ऑपेरा हाउस नावाची एक जुनी, डौलदार इमारत उभी आहे. १९११ साली, बांधकाम अद्याप पुरे व्हावयाचे असतानाच, बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. १९९३ मध्ये ती बंद पडली आणि दीर्घ डागडुजीनंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये तिचा पडदा पुन्हा वर गेला. नावाप्रमाणे ही इमारत बांधली गेली ती ऑपेरासाठी. म्हणजे ज्यात पात्रे आपले मनोगत गाऊन सांगतात आणि रंगमंचापुढील खोलगट जागेत बसलेला वाद्यवृंद त्यांना साथ देतो, अशा युरोपीय संगीत नाटकासाठी. पण मराठी माणसाच्या स्मरणात ही वास्तू राहिली ती निराळ्याच कारणाने. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांची पदे येथे घुमली. ऑपेराच्या घरात मराठी संगीत नाटक नांदले, यात योगायोग असला तरी विसंगती नाही. दोन्ही कलांचा प्राण म्हणजे शास्त्रोक्त तयारीचा गळा. आणि दोन्ही कलांपुढे एकच प्रश्न दीर्घकाळ उभा राहिला. तो असा की, नाटकातील स्त्रीने कोणाच्या आवाजात गावे?

आपल्याकडे या प्रश्नाला ज्यांनी आपल्या गाण्याने उत्तर दिले, त्यांत हिराबाई बडोदेकर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या वाटचालीचा आज थोडा विचार करावयाचा आहे. तो नीट व्हावा म्हणून आरंभी युरोपाकडे एक दृष्टिक्षेप टाकणे बरे.

युरोपात गायकांच्या आवाजाची वर्गवारी ठरलेली असते. स्त्रियांच्या आवाजांत सर्वांत उंच तो सोप्रानो, सर्वांत खालचा आणि भरदार तो कॉन्ट्राल्टो, आणि या दोहोंच्या मधला तो मेझो-सोप्रानो. ‘मेझो’ या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी अर्धा किंवा मधला असा आहे. साधारण दोन सप्तकांचा हा आवाज. सोप्रानोचा लखलखाट त्यात कमी, परंतु मधल्या स्वरांची ऊब अधिक. निष्पाप नायिकेची भूमिका बहुधा सोप्रानोच्या वाट्यास जाते. आई, दाई, राणी, मोहिनी, प्रतिस्पर्धिनी या भूमिका मेझोला मिळतात. १८७५ साली पॅरिसमध्ये रंगमंचावर आलेल्या बिझेच्या ‘कार्मेन’ची नायिका मात्र मेझो आहे, सेलेस्तीन गाली-मारिए या गायिकेने ती भूमिका प्रथम केली.

या मधल्या आवाजाला एक चमत्कारिक वारसाही मिळाला. सतराव्या-अठराव्या शतकांत पोपच्या अमलाखालील प्रदेशात स्त्रियांना रंगमंचावर गाण्याची बंदी होती. तेव्हा बालपणी शस्त्रक्रिया करून ज्यांचा गळा कोवळा राखलेला असे, असे पुरुष तेथे स्त्रीभूमिका गात. पुढे त्यांची कीर्ती एवढी वाढली की वीरपुरुषांच्या भूमिकाही त्यांच्यासाठीच रचल्या जाऊ लागल्या. हेन्डेलने १७२४ साली लंडनमध्ये ‘ज्युलियस सीझर’ हा ऑपेरा रंगमंचावर आणला, त्यातील सीझर सेनेसिनो नावाच्या अशाच एका गायकासाठी लिहिलेला होता. कालांतराने ती अमानुष प्रथा नाहीशी झाली आणि असे सीझर, असे राजपुत्र कोणी गावेत हा प्रश्न उरला. आज ते उंच गळ्याचे पुरुष गातात, त्याचप्रमाणे मेझो-सोप्रानो गायिकाही गातात. युरोपात याप्रमाणे पुरुषाची भूमिका स्त्रीच्या गळ्यात येऊन स्थिरावली.

महाराष्ट्रात घडले ते याच्या नेमके उलट. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले. मराठी संगीत नाटकाचा संसार येथून सुरू झाला. पण त्या संसारातील गृहिणी पुरुष होती. भाऊराव कोल्हटकरांनी स्त्रीभूमिका गाजविल्या. त्यांच्या मागून १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा मिरजेस किर्लोस्कर मंडळीच्या रंगमंचावर शकुंतला होऊन उभा राहिला. हेच बालगंधर्व. पुढील तीस वर्षे महाराष्ट्राने स्त्रीचे लावण्य, तिची लज्जा, तिचा शोक आणि तिचे गाणे या एका पुरुषाच्या ठिकाणी पाहिले. कुलीन स्त्रियाही त्यांच्याकडे पाहून लुगडे नेसण्याची आणि अंबाडा घालण्याची तऱ्हा उचलीत. ही कला थोर होती, यात संशय नाही. पण तिच्या थोरवीमुळेच एक अडचण उत्पन्न झाली. सुभद्रा म्हटले की लोकांच्या कानांत एका पुरुषाचा गोड आवाज उभा राहू लागला. उद्या खरोखरीची स्त्री ते पद म्हणू लागली, तर तीच नक्कल वाटावयाची, अशी स्थिती आली.

बालगंधर्वांनी ज्या वर्षी मिरजेत पहिले पाऊल टाकले, त्याच वर्षी, त्याच मिरजेत, मे महिन्यात हिराबाईंचा जन्म झाला.

आता कोणी असे समजू नये की त्या काळी बाईचा आवाज समाजात नव्हताच. दळताना ओवी होती, मंगळागौरीची गाणी होती, पाळणे होते. मुंबईचेच पाहावयाचे तर, शीव कोळीवाड्यासारख्या येथील मूळच्या वस्त्यांकडे पाहावे. आगरी-कोळी समाजात लग्नाचे विधी धवले गाऊन पार पाडणारी धवलारीण असते. भटजी मंत्र म्हणतो तशी ती गाते, आणि तिच्या गाण्याला धर्मकृत्याचा मान असतो. हळदीच्या रात्री तेथील बायका खुल्या गळ्याने गातात. कोणी त्यांना आवाज खाली करा म्हणत नाही. पांढरपेशा घरांत मात्र आवाजाला उंबरठा होता. घरातली गाणी घरात राहत. उंबरठ्याबाहेर, दिवाणखान्यांत आणि दरबारांत, पैसे घेऊन गाणाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांतील कित्येक जणी उत्तम उस्तादांकडे वर्षानुवर्षे तालीम घेतलेल्या, मोठ्या विद्येच्या होत्या. लोक त्यांचे गाणे ऐकत आणि त्यांचे नाव घेताना स्वर दबका करीत. गळ्याला दाद मिळे, पण गळ्याच्या धनिणीला प्रतिष्ठा मिळत नसे. तेव्हा स्त्रीला गाता येते की नाही, हा वाद नव्हताच. जाहिरात देऊन, तिकीट लावून, दिव्यांच्या उजेडात चारचौघांसमोर ती गाऊ लागली, तर तिला भलेपणाने नमस्कार करता येईल की नाही, एवढाच मुद्दा होता.

हिराबाईंच्या घरात विद्या भरपूर होती आणि स्वास्थ्य बेताचे. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ, किराणा घराण्याचे अध्वर्यू. उत्तर प्रदेशातील कैराना हे त्यांचे मूळ गाव; त्यावरूनच घराण्याला नाव पडले. आई ताराबाई बडोद्याच्या सरदार माने यांच्या कन्या. खाँसाहेब बडोद्याच्या दरबारी असताना दोघांचा परिचय झाला, आणि सरदारघराण्यातील ही मुलगी गवयाबरोबर बडोदे सोडून निघाली. पुढे मिरज हे या कुटुंबाचे एक ठिकाण झाले. मिरज हे तंबोऱ्यांचे गाव. भोपळा कोरून, तारा चढवून तंबोरे तयार करणाऱ्या कारागिरांची तेथे पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे. तंबोरा नेमका जुळविण्याविषयी खाँसाहेबांचा कटाक्ष प्रसिद्धच आहे. तंबोऱ्याच्या अशा नादात जी मुले वाढली, त्यांना सूर वेगळा शिकवावा लागला नसेल.

थोरला मुलगा सुरेशबाबू. शिवाय हिराबाई, कमलाबाई, सरस्वतीबाई आणि कृष्णराव. लहानपणी हिराबाईंना चंपूताई म्हणत. पुढे आईवडील विभक्त झाले. मुले आईजवळ राहिली आणि बडोद्यावरून बडोदेकर हे नाव हिराबाईंना चिकटले. नावात वडिलांचे काही उरले नाही. गळ्यात मात्र उरले.

येथे पुन्हा युरोपातील एका मेझो गायिकेची आठवण होते. पोलीन व्हियार्दो ही १८२१ साली पॅरिसमध्ये जन्मली. तिचे वडील मानुएल गार्सिया हे नामांकित गायक. १८१६ साली रोसिनीच्या ‘बार्बर ऑफ सेव्हिल’मधील नायकाची भूमिका प्रथम त्यांनीच गायिली. तिचा भाऊ गायनाचा थोर शिक्षक झाला. कंठाच्या आतील हालचाल आरशाने पाहण्याचा मार्ग त्याने शोधून काढला. घराण्याची विद्या, भावाचे मार्गदर्शन आणि मधला आवाज एवढ्या भांडवलावर पोलीनने मोठी कीर्ती मिळविली. १८५९ साली बर्लिओझने ग्लुकचा जुना ‘ऑर्फे’ खास तिच्यासाठी नव्याने सिद्ध केला आणि पॅरिसमध्ये त्याचे शंभरावर प्रयोग झाले. ऑर्फे हा पुरुष. तो गायिला या स्त्रीने. पुढे १८६३ साली तिने रंगभूमी सोडली आणि उरलेले आयुष्य बव्हंशी शिकविण्यात व रचना करण्यात घालविले. हिराबाईंचे आयुष्यही अशाच टप्प्यांनी गेले: घरची तालीम, रंगभूमी आणि अखेर शिष्यांचा मेळा. फरक इतकाच की पोलीनला आपले स्थान मिळविताना, स्त्रीने रंगमंचावर यावे की न यावे, हा प्रश्न पॅरिसमध्ये सोडवावा लागला नाही. तो तिच्यापूर्वीच सुटला होता.

हिराबाईंची पहिली तालीम भाऊ सुरेशबाबूंची. नंतर उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे त्यांचे रीतसर शिक्षण झाले. वहीद खाँ हे अतिविलंबित लयीचे उपासक. एकेक स्वर उंबरठ्यावर थांबवून धरावा, त्याच्याशी ओळख पटल्यावाचून पुढच्याला आत घेऊ नये, अशी त्यांच्या गाण्याची शिस्त. उतावीळ माणसाला हे गाणे शिकता येत नाही. किराणा घराण्यात शब्दांपेक्षा स्वराला आणि तानेच्या आतषबाजीपेक्षा आलापाला मान अधिक. हिराबाईंचा आवाज मूळचा नाजूक आणि गोड. घशाला ताण देऊन त्याला मोठा करण्याचा मोह त्यांनी कधी केला नाही. आवाज आहे तसा ठेवून तो स्वरावर बिनचूक बसविणे, ही त्यांची साधना.

आपल्याकडील पद्धतीही त्यांना अनुकूल होती. ऑपेरात रचना ठराविक स्वरांत लिहिलेली असते. वाद्यवृंद गायकासाठी सहसा खाली उतरत नाही, म्हणून आवाजाची जात पाहून भूमिका द्यावी लागते. आपल्याकडे षड्ज ज्याचा त्याचा असतो. कोणी काळी एक पट्टीत गातो, कोणी काळी चारमध्ये. तंबोरा त्याप्रमाणे मिळवितात आणि पेटीवाला त्याप्रमाणे बोटे फिरवितो. एकच पद पुरुषाने आपल्या पट्टीत म्हणावे आणि स्त्रीने आपल्या, यात शास्त्राची काही आडकाठी नाही. म्हणजे मराठी रंगभूमीवर स्त्री आली नाही, याचे कारण संगीतात शोधून सापडणार नाही. ते समाजात होते.

१९२१ साली, सोळाव्या वर्षी, मुंबईत पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयातील संगीत परिषदेत हिराबाई प्रथम जाहीरपणे गायिल्या. पलुस्करांनी गायनाला देवघराची आणि शाळेची प्रतिष्ठा मिळवून देण्याचे व्रत घेतले होते. त्यांच्या व्यासपीठावर एका तरुण मुलीने गावे, याचा अर्थ श्रोत्यांना आपोआप कळला. त्यानंतरच्या काही वर्षांत हिराबाईंनी तिकिटे लावून जाहीर जलसे करण्यास आरंभ केला. अशा प्रकारे जलसे करणाऱ्या पहिल्या स्त्री गायकांत त्यांची गणना होते.

आजच्या श्रोत्यास तिकीट म्हणजे क्षुल्लक गोष्ट वाटेल. त्या काळी तिचा अर्थ फार मोठा होता. खाजगी बैठकीत यजमान एक असतो, त्याची मर्जी राखावी लागते, आणि बिदागी त्याच्या हातून घ्यावी लागते. तिकिटाच्या जलशात यजमान नाही. दोन रुपये देणारा आणि आठ आणे देणारा, दोघेही सारखेच श्रोते. गाणाऱ्या बाईकडे गाण्यावाचून अधिक काही मागण्याचा अधिकार दोघांसही नाही. शिवाय जो दिवाणखान्यात बायकोला नेऊ शकत नव्हता, तो नाट्यगृहात तिला आणि मुलींना घेऊन येऊ शकत होता. हिराबाईंच्या समोर गृहस्थ सहकुटुंब येऊन बसले, हेच त्यांचे पहिले यश.

त्यांनी आपले वागणेही विचारपूर्वक ठरविले होते. दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेला, बसणे स्थिर, हातवारे नाहीत, श्रोत्यांकडे पाहून नेत्रकटाक्ष नाहीत. गाण्यात जे आहे ते गाण्यातूनच दिसावे. या संयमामुळे त्यांच्या विद्वान पूर्वसूरींना कमी लेखण्याचे कारण नाही. अदाकारी हीही एक कला आहे आणि ठुमरीला तिने सजविले आहे. पण हिराबाईंना ज्या दारातून आत जावयाचे होते, त्या दारात असे बसल्यावाचून प्रवेश नव्हता. ही किंमत त्यांनी दिली, आणि ती देताना गाण्याचा कस उतरू दिला नाही.

इतके झाल्यावर एखादी गायिका स्वस्थ बसली असती. या भावंडांनी मात्र नाटक मंडळी काढली. पुण्यातील त्यांच्या नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा म्हणून ही मंडळी १९२० च्या दशकाच्या अखेरीस रंगभूमीवर आली. ‘सौभद्र’, ‘साध्वी मीराबाई’ अशी नाटके तिने केली. याआधी बायकांच्या नाटक मंडळ्या नव्हत्या असे नाही. पण त्यांत पुरुषपात्रेही बायकाच करीत. जशी पुरुषांच्या मंडळीत पुरुषच नायिका, तशी बायकांच्या मंडळीत बाईच नायक. बडोदेकर भावंडांच्या मंडळीत पुरुषांनी पुरुष व्हावे आणि स्त्रियांनी स्त्रिया, असा साधा न्याय होता. हिराबाईंबरोबर कमलाबाई आणि सरस्वतीबाई या बहिणीही रंगमंचावर उतरल्या. ज्या पदांवर बालगंधर्वांचा ठसा उमटलेला होता, ती पदे स्त्रीच्या गळ्यातून येऊ लागली. ती नक्कल वाटली नाहीत, कारण हिराबाईंनी त्या ठशाशी स्पर्धाच केली नाही. पदाचा मूळ राग पाहावा, त्याची सावकाश बढत करावी, लाडिकपणा टाळावा, ही त्यांची रीत. लोकांना सुभद्रेचा दुसरा आवाज ऐकू आला, आणि तोही खरा वाटला.

मंडळी मात्र टिकली नाही. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट लागला. १९३२ मध्ये मराठीत ‘अयोध्येचा राजा’ आला. काही आण्यांत जेथे गाणे, नाच आणि राजवाडे पाहावयास मिळू लागले, तेथे बिऱ्हाडासह गावोगाव हिंडणाऱ्या, पडदे-पोशाख आणि पन्नास माणसांचे जेवण सांभाळणाऱ्या नाटक मंडळ्यांचा निभाव लागणे कठीण झाले. बड्या बड्या मंडळ्या या लाटेत बुडाल्या. ही तर नवी. ती बंद पडली आणि कर्ज मागे राहिले. हे कर्ज हिराबाईंनी फेडले ते गाण्याच्या जलशांवर. रात्री गाडीत, दुसऱ्या रात्री मैफलीत, असे दिवस त्यांनी काढले. एखाद्या पुरुषाने हे केले असते तर कर्तेपणा म्हणून त्याचे कौतुक झाले असते. घराचे ऋण डोक्यावर घेऊन ते गळ्यावर फेडणारी स्त्री हा त्या काळास नवा अनुभव होता. प्रतिष्ठेविषयी ज्यांच्या मनात शंका उरली होती, त्यांना याहून अधिक चांगले उत्तर मिळणे शक्य नव्हते.

त्यांचा प्रयोगही वाया गेला नाही. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले आणि त्यात ज्योत्स्नाबाई भोळे यांच्यासारख्या गायिकेने काम केले. १९३८ च्या सुमारास खुद्द बालगंधर्वांच्या मंडळीत गोहरबाई कर्नाटकी येऊन स्त्रीभूमिका करू लागल्या. १९०५ साली मिरजेत सुरू झालेले एक पर्व तेथे संपले. स्त्रीची भूमिका स्त्रीकडे आली.

हिराबाईंनी मात्र यापुढे बैठकीचे गाणे हेच आपले क्षेत्र मानले. काही बोलपटांतही त्यांनी कामे केली. पण मन रमले ते तंबोऱ्यांच्या मध्ये. त्यांचा कार्यक्रम मोठ्या हिशेबाने बांधलेला असे. आधी विलंबित ख्याल, मग द्रुत बंदिश किंवा तराणा, नंतर ठुमरी, एखादे नाट्यपद, भजन आणि अखेर भैरवी. जाणत्याला पहिल्या तासात समाधान मिळे आणि नवख्याला शेवटच्या तासात. पण शेवटापर्यंत बसताना नवखाही थोडा जाणता होई. याच काळात ध्वनिमुद्रिका आणि नभोवाणी यांचा प्रसार झाला. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले होते. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. जिने वहीद खाँसाहेबांकडे एकेक राग तासभर फुलविण्याची विद्या घेतली, तिला तीन मिनिटांत राग उभा करावयाचा होता. या दोन टोकांमधला तोल हिराबाईंना साधला. राग घाईत कोंबलेला वाटू नये आणि अपुराही वाटू नये, अशा त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजल्या. ज्या घरांतील मुलींना जलशास जाण्याची मोकळीक नव्हती, त्या घरांतही हिराबाई अशा रीतीने पोहोचल्या. धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे यांच्यासमवेत त्यांनी केलेले सहगायनही असेच लोकप्रिय झाले. दोन स्त्रियांनी बरोबरीने बसून ख्याल गाण्याची जुगलबंदी त्यांच्यापासून रुळली.

लोकांनी त्यांना ‘गानहिरा’ म्हटले. १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० साली पद्मभूषण हा किताब त्यांना मिळाला. सुरेशबाबू १९५३ साली निवर्तले. त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या शिष्यांचा भार हिराबाईंनी उचलला. या दोघा भावंडांची तालीम मिळालेल्या प्रभाताई अत्रे पुढे मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या आणि २०२२ साली पद्मविभूषण झाल्या. १३ जानेवारी २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. गुरूने स्त्रीच्या गाण्याला सभागृहात जागा मिळवून दिली. शिष्येने त्याला विद्यापीठात विषय म्हणून शिकविले. २० नोव्हेंबर १९८९ रोजी हिराबाई पुण्यास कैलासवासी झाल्या, तेव्हा त्यांनी सुरू केलेली वाट राजरस्ता झालेली होती.

याची खूण आज कोठेही पाहावी. शीव येथील षण्मुखानंद सभागृह १९६३ साली उघडले. १९९० मध्ये ते आगीत सापडले आणि १९९८ मध्ये पुन्हा उभे राहिले. अडीच हजारांहून अधिक श्रोते तेथे बसतात. शीव कोळीवाडा तेथून फार दूर नाही. एका बाजूस पिढ्यान्‌पिढ्या मांडवात गाणारी धवलारीण आणि दुसऱ्या बाजूस त्या भव्य रंगमंचावर एकटी बसून ख्याल मांडणारी गायिका, यांच्यामध्ये पूर्वी जे अंतर होते ते पायी चालण्याचे नव्हते. सभागृहात शिरणारा आजचा गृहस्थ पत्नीचा आणि मुलीचा हात धरून सहज आत जातो. गाणारी स्त्री कोण, कोणाची, हे विचारण्याचे त्याला सुचत नाही. तो तिकिटावरील रांग आणि आसनाचा क्रमांक तेवढा पाहतो.

हिराबाईंच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकावयास मिळतात. श्रोत्यांनी त्यांतील एखादी सवडीने लावावी. आरंभी खरखर ऐकू येईल, आवाज दुरून आल्यासारखा वाटेल. पण पहिला षड्ज लागला की जरा थांबावे आणि तो किती निश्चिंतपणे लागला आहे, याकडे लक्ष द्यावे. त्यात कोणाची मनधरणी नाही आणि कोणाशी भांडणही नाही. आपल्या जागी बसलेल्या माणसाचा तो स्वर आहे. ती जागा मिळविण्यास काय लागले, हे आता आपणांस ठाऊक झाले आहे.